चोराला मोकळी ठेवलेली वाट

"अगं पण हॉर्न कशाला वाजवलास?" सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं. "चोर घरात, तू दारात. गुपचूप जायचं आणि धरायचा मेल्याला. 'आलो हो आम्ही' म्हणून आधी वर्दी कशाला द्यायची?"

"तसंच शिकवलंय, आई."

"मग बँडच लावायचा होतात, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "वाजतगाजत गेला असता बिचारा."

"भावजी, झुरळ दिसलं की खुर्चीवर कोण चढतं ते सांगू का?"

दिराने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. नवऱ्याने मात्र कपड्यांच्या घड्या घालता घालता सकाळपासून एकच टुमणं लावलं होतं. "तू एकदा त्यांच्या घरी जाऊन ये. चुकलं म्हण. एवढ्याने काही तोंड झिजत नाही."

"चुकलं असतं तर म्हटलं असतं."

थोरली सून एका खाजगी सुरक्षा कंपनीची गाडी चालवायची. लोकांच्या घरांत, दुकानांत कंपनीने धोक्याची घंटा बसवलेली असे. ती वाजली की कचेरीतून फोन येई, आणि ही नि तिचा कामावरचा जोडीदार गाडी घेऊन पोचत. त्याआधी ती शाळेची बस चालवत होती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, भीती नाही ना वाटत? तेव्हा ती म्हणाली होती, "मागे बसभर पोरं मारामारी करत असताना मी घाट उतरलेय." साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

रुजू झाल्या झाल्या शिकवलं होतं ते असं: चोर आत असेल तर आपण आत शिरायचं नाही. पोलिसांना कळवायचं, पुढचं दार अडवायचं, मागची वाट मोकळी ठेवायची आणि येतानाच भरपूर गोंगाट करायचा. कोंडलं की मांजरसुद्धा अंगावर येतं. वस्तू काय, पुन्हा घेता येते.

परवा भर दुपारी एका बंगल्यातली घंटा वाजली. थोरलीने गल्लीच्या तोंडाशी हॉर्नवर हात ठेवला, तो फाटकापर्यंत उचलला नाही. चोर स्वयंपाकघराच्या दाराने पसार झाला. कपाट उघडं, चांदीची भांडी गायब. घरमालक धावत आला तो तिच्यावरच उखडला. तुम्हाला ठेवलंय ते चोराला सावध करायला? या बाईला काढा, नाहीतर तुमची घंटा काढून न्या, अशी तक्रारच त्याने केली. चौकशी होईपर्यंत कंपनीने तिला घरी बसवलं. आज काय ते कळणार होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," एवढंच ती त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती.

फोन वाजला. ती खिडकीपाशी गेली. "हो साहेब... कोण? ...त्यांनी स्वतः सांगितलं?" आणि बोलता बोलता ती खाली फरशीवरच बसली.

"काढलं का गं?" नवऱ्याने विचारलं. तिने हातानेच थांब म्हटलं, फोन संपवला आणि ती आधी तांब्याभर पाणी प्यायली.

"त्या घरात घरमालकाची आई होती. वरच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. झोपेत होती असंच सगळे धरून चालले. बाई इतकी भेदरली होती की आज सकाळी कुठे सुनेजवळ बोलली. चोर तिच्या उशाशी होता. बांगड्या निघेनात, ती ओरडायला लागली, म्हणून त्याने उशी उचलली होती."

"तोंडावर दाबायला?" दिराने विचारलं.

"हो. तेवढ्यात माझा हॉर्न ऐकला. उशी टाकून पळाला."

सासूबाईंनी स्वतःच्या बांगड्या चाचपल्या. मग म्हणाल्या, "पुरेसा मोठा वाजतो ना गं तुझा हॉर्न? जरा तपासून घेत जा."

"बँडचं मी मागे घेतो, वहिनी."

"आणि तक्रार?" नवऱ्याने विचारलं. हातात आलेल्या लेकीच्या फ्रॉकला तो डोळे पुसत होता.

"तीही घेतली मागे. बाईला मला भेटायचंय म्हणे. वर साहेब म्हणतात, आता कचेरीत बसा. पंख्याखाली. घंटा वाजली की नुसते फोन लावायचे."

"सुटलो गं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

"बरं झालं," नवरा म्हणाला. "कधीपासून जायचंय?"

थोरलीने त्याच्या पुढ्यातल्या ढिगातून आपला गणवेशाचा शर्ट ओढून घेतला.

"मी नाही म्हणून सांगितलंय. उद्या सकाळपासून गाडीवर जाणार आहे."