कौलानंतरचा संशय

डॉक्टर बाईंनी 'डिल्यूजन' हा शब्द उच्चारला तेव्हा माझं लक्ष टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे होतं. पेला त्यांनी माझ्यासाठी भरला होता आणि स्वतः त्यातलं घोटभरही प्यायल्या नव्हत्या. ही बाईसुद्धा त्यांच्यातलीच, असं मी मनात पक्कं केलं. माझ्या शेजारी थोरला भाऊ बसला होता. बाहेर बाकावर माझी बायको सुमन कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळच्या आत तिला तुडीलला माहेरी पोचवायचं ठरलं होतं, आणि ते कायमचं.

डिल्यूजन म्हणजे पुरावा समोर ठेवला तरी जागची हलत नाही अशी खोटी समजूत. बाईंनी तसं सांगितलं. मी म्हटलं, समजूत कसली? पुरावे तर माझ्याकडे आहेत.

ते पुरावे काय होते ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरात कुणी असे पुरावे गोळा करत असेल तर वेळीच ओळखता येईल.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. नव्वदच्या दशकाची अखेर होती, तेव्हा वाडीपर्यंत रस्ता आला नव्हता. प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला. आमच्यातला दादा गेला, मी म्हशींपाशी राहिलो. सकाळी दुधाचे कॅन घेऊन खाली उतरायचं, हायवेवरच्या हॉटेलांत दूध घालायचं आणि परत चढायचं, असं माझं आयुष्य चाललं होतं.

सुरुवात चहापासून झाली. चहा तुरट लागू लागला. आईला लागेना, मलाच लागे. मग भाकरीला वास येऊ लागला. सुमन चुलीकडे तोंड करून बसली की वाटायचं, पाठ कशाला केली? आणि माझ्याकडे तोंड करून बसली की वाटायचं, आज लपवायचं काही नाही असं भासवते आहे. झोप उडाली. एक म्हैस अचानक आटली, त्याचाही अर्थ मी लावला. बायको मला खाण्यातून काहीतरी घालते आहे.

मग मी साल असलेलंच खाऊ लागलो. केळी, उकडलेली अंडी, कधी शहाळं. सालीच्या आत कुणाचा हात जात नाही, हा माझा हिशेब. भाकरी खायचीच झाली तर पहिला घास माझ्यासमोर सुमननं खायचा आणि तिनं तो गिळल्यावर मी थोडा वेळ थांबायचं. ती निमूट खायची. गरीब गाय, पण मला ती गरीब दिसतच नव्हती.

आता खरी अडचण ऐका. मी म्हटलं असतं की चंद्रावरून माणसं येऊन मला त्रास देतात, तर वाडीनं मला उचलून दवाखान्यात नेलं असतं. पण मी म्हणत होतो, बायकोनं घातलं. आमच्याकडे हे कुणालाही पटतं. खाऊ घालणं, करणी, दृष्ट यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. आईनं सुमनच्या हातचं पाणी घेणं सोडलं. माझा आजार वाडीच्या बोलण्यात असा मिसळून गेला की वेगळा दिसेचना.

दादा मुंबईहून आला. त्यानं मला आधी सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ घातली, मग महाडला एका तरुण डॉक्टरकडे नेलं. शिकलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या समाजात असं मानतात, मला कल्पना आहे. ही तुमची श्रद्धा आहे, आजार नव्हे. मी त्यात ढवळाढवळ करणार नाही." झोपेच्या गोळ्या दिल्या आणि आम्हांला आदरानं दारापर्यंत पोचवलं.

त्या आदरानं सुमनचं घर मोडायला आलं. दादानं वाडीत येऊन सांगितलं, डॉक्टरसुद्धा नाही म्हणाला नाही. आईनं त्याच दिवशी सुमनची पिशवी भरायला घेतली. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच शंका आली, डॉक्टरनं इतक्या सहज कसं मान्य केलं? गोळ्या मी शेणात टाकल्या.

सुमन रडली नाही, भांडली नाही. दादाला एवढंच म्हणाली, "जाते मी. पन वाटेत म्हाडला मोठी डाक्टरीण येते ती ह्यांना एकदा बघू दे. मग सोडा मला कुठं सोडायचं तिथं." मनाचे आजार बघणाऱ्या एक बाई महिन्यातून एकदा महाडला येत. हे तिला पोलादपूरच्या बाजारात कळलं होतं. कुणाकडून कळलं, हा प्रश्नच माझा आणखी एक पुरावा झाला.

तर मी त्या बाईंसमोर बसलो होतो. केस पिकलेले, बोलणं घाटावरचं. असल्या माणसाला आमच्यातलं काय कळणार? त्यांनी मला 'असं काही नसतं' म्हटलं नाही. त्या डॉक्टरसारखं 'तुमच्यात असतंच' असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या वाडीत कुणावर असा आळ आला, तर खरं-खोटं कसं ठरवतात?"

दादा म्हणाला, "कौल लावतात, बाई. भैरीच्या देवळात." मग त्यानंच समजावलं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि कुठली आधी पडते ते बघायचं.

"आणि कौल मिळाला की?"

"की मिटलं. मग कोन तोंड उघडत नाय. एका गोष्टीला एकदाच कौल, परत विचारलं तर देवाचा अपमान होतो."

"मग ह्यांच्यासाठी लावला का?"

"नाय अजून," दादा म्हणाला.

मला राहवेना. सगळ्यांचं बिंग फोडायची हीच वेळ आहे असं वाटलं. मी म्हणालो, "लावलाय. मी एकट्यानं जाऊन तीनदा लावलाय."

दादा गर्रकन माझ्याकडे वळला. बाईंनी शांतपणे विचारलं, काय आलं? मी सांगितलं. बायकोनं काही घातलं नसेल तर उजवी दे, असं मागणं होतं. पहिल्यांदा उजवी पडली. मी गुरवाच्या पाया पडून पुन्हा लावायला लावला, पुन्हा उजवी. तिसऱ्या वेळी पाकळ्या मी स्वतःच्या हातानं लावल्या. डावीला पाणी कमी लावलं, ती आधी पडावी म्हणून. तरी उजवीच पडली. गुरवाला मी शपथ घातली होती, म्हणून तो कुणाला बोलला नाही. त्याला सुमननं फितवलंय, हे मी त्यांना पटवून देऊ लागलो.

"गुरवाला फितवलं," बाई म्हणाल्या. "पण तिसऱ्या वेळी हात तुमचाच होता ना? मग फितवलं कुणाला?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "देवाला."

दादा खुर्चीवरून उठलाच. "आरं, काय बोलतोस? भैरीवर संशय घेतोस?" दादाला मी बापाच्या मयतीतसुद्धा इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

मग बाईंनी तो शब्द उच्चारला आणि मी पेल्याकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "कौल खरा की खोटा हे मला माहीत नाही आणि मला ठरवायचंही नाही. पण तुमच्या वाडीत संशयाला एक शेवट असतो. ह्यांच्या संशयाला तो राहिलेला नाही. म्हणून हा संशय वाडीचा नाही. हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे."

मला काही पटलं नाही. सुमननं बाईंना किती दिले असतील, हाच विचार डोक्यात होता. पण दादाला पटलं. त्यानं बाहेर जाऊन सुमनच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि आम्ही तिघं पोलादपूरच्या एसटीत बसलो. ती खिडकीशी बसून तोंडात पदर धरून रडली. घरी येऊन दादानं आईला कौलाचं सांगितलं. आई उठली आणि सुमनकडे प्यायला पाणी मागितलं.

बाईंनी एक गोष्ट बजावली होती. गोळीला सुमनचा हात लागता कामा नये. बंद पाकीट मी फाडायचं आणि दादानं समोर बसायचं. दादानं रजा वाढवली. 'अँटिसायकोटिक' म्हणजे असल्या घट्ट समजुती सैल करणारं औषध. त्यानं तोंड कोरडं पडतं, हातपाय जड होतात, दुधाचे कॅन उचलवत नाहीत. पाकीट मी उजेडात धरून भोकं शोधायचो. दादा म्हणायचा, "बघ रे, नीट बघ. मग गीळ."

पुढच्या भेटींत बाई मला म्हशींविषयी विचारायच्या, मुंबईला न गेल्याविषयी विचारायच्या. दादा गेल्यावर सगळं माझ्यावर पडलं आणि कुणाला बोललो नाही, हे मी तिथं पहिल्यांदा बोललो. शंका आली की आधी आईला विचारायचं, तुला असं वाटतं का? आई नाही म्हणाली की ती शंका माझ्या एकट्याची, असं त्यांनी शिकवलं. संशय एकदम गेला नाही. एका सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि ध्यानात आलं की मी तो कुणाला चाखायला दिला नव्हता. गोठ्यात जाऊन खूप रडलो.

मी बरा झालो असं बाई म्हणाल्या, तरी गोळी पुष्कळ काळ चालू राहिली. तुमच्या माणसाला कुणी 'तुमच्यात असंच असतं' म्हणून परत पाठवलं, तर निमूट परत येऊ नका. आणि कुणी तुमच्या देवाला हसलं, तर त्याच्याकडेही थांबू नका. तुमच्यात काय चालतं आणि कुठं थांबतं, हे विचारणारा डॉक्टर शोधा. माझ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका, चार जणांना विचारा.

एक गोष्ट मात्र राहिली होती. सुमन अजून ताट वाढलं की पहिला घास मोडून स्वतःच्या तोंडात टाकायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "भूक लागली मला." आणि मी खात असताना माझ्या तोंडाकडे बघत राहायची. त्यामुळे काही कसंही लागलं तरी मी बोलायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. कच्ची भाकरी खाल्ली, करपलेला भात खाल्ला, सगळं गोड मानून घेतलं.

एकदा ती बाहेरून हाक आली म्हणून न चाखताच उठली. कुळथाची पिठी इतकी खारट होती की घशाखाली उतरेना. मी वाटी संपवली. ती आली, जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि तसाच थुंकला.

"अवो, ही खारी आग झालीय. तुम्ही सगळी खाल्ली? बोलला का नाय?"

मी म्हटलं, "म्हटलं, तुला वाटायचं परत सुरू झालं."

ती हसली, डोळे पुसत हसली. म्हणाली, "खारट हाय तर खारट म्हना की. मी काय पळून जात नाय."

दुसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलं आणि चाखलं नाही. मी घास घेतला आणि म्हणालो, "आज अळणी झालीय."