मागच्या सायकलची घंटी

मी भित्रा माणूस आहे. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण घरात सगळ्यांना ते माहीत आहे. झुरळाला भितो, लिफ्टला भितो, आणि वाडीच्या रस्त्यावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकल सोडून नालीत उतरतो. अशा माणसाने पन्नाशीनंतर जंगलातल्या वाटांवर सायकल चालवावी, हा माझ्या बायकोचा हट्ट. निमित्त माझी शुगर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हिने जाड टायरच्या दोन सायकली आणल्या.

ती खापरखेड्याची, वीज केंद्राच्या कॉलनीतली. चिमणीच्या धुरात आणि साऱ्या कॉलनीच्या पोरांशी भांडत वाढलेली. भीती नावाचा पदार्थ तिच्या माहेरी शिजतच नसावा. मी एखाद्या उतारावर ब्रेक आवळून उभा राहिलो की ती मागून ओरडायची, "काहून भेता जी? सायकल आहे, उंट नाही!"

आम्ही चौघे जायचो. आमचा म्होरक्या आमच्याच नंदनवन वस्तीतला, हार्डवेअरचं दुकान चालवणारा, आणि त्याच्या मागे त्याचा मित्र, दातांचा डॉक्टर. रविवारी पहाटे गाडीवर सायकली बांधायच्या, शहराबाहेर वाडीची गोदामं आणि ट्रकांच्या रांगा मागे टाकायच्या आणि अमरावती रोडने जंगलाच्या तोंडाशी उतरायचं. तिथे आधी उघडा माळ लागतो, गुडघाभर पिवळ्या गवताचा. माळ संपला की वाट खाली सागाच्या जंगलात शिरते, मधला कोरडा नाला ओलांडते आणि पलीकडच्या पाणवठ्यापर्यंत चढते. या वाटा आमच्यासाठी कोणी केलेल्या नाहीत. गाईढोरांनी वर्षानुवर्षं तुडवून केल्या, आम्ही फक्त त्यांवर चाकं घालतो. पलीकडे अभयारण्य आहे, आणि वाघाला अभयारण्याची हद्द कुठे संपते ते कोणी सांगितलेलं नाही. मी हे दर रविवारी सगळ्यांना ऐकवायचो. कोणी लक्ष द्यायचं नाही.

चौघांमध्ये जो सगळ्यात दमदार तो शेवटी, असा म्होरक्याचा नियम होता, म्हणजे मागे कोणी पडायला नको. दमदार अर्थातच माझी बायको. मी तिच्या पुढे. पण वळणावळणाच्या वाटेवर शेवटची सायकल आहे की नाही हे कळणार कसं? सारखं मागे पाहिलं की माणूस झाडावर आदळतो. माझ्या कपाळावर त्याची खूण आहे. त्यावर तिने तोड काढली. पोळ्याच्या आधी इतवारीच्या बाजारात बैलांच्या साजाची दुकानं लागतात, तिथे ती मला घेऊन गेली आणि एकेक घंटी कानाशी वाजवून बघू लागली.

"किती बैल आहेत बाई?" दुकानदाराने विचारलं.

"एकच आहे," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "पण लय बुजते."

ती पितळेची घंटी तिने आपल्या सायकलच्या सीटखाली बांधली. सायकल जराशी हलली तरी ती वाजायची. घंटी वाजते आहे म्हणजे ती येते आहे. घंटी थांबली तर सगळ्यांनी थांबायचं. खरं सांगतो, त्या घंटीमुळे मला जंगल सहन होऊ लागलं. मागे टण्‌टण्‌ सुरू असली की माझ्या पाठीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटायचं.

त्या रविवारी थंडी होती. माळावर गवत दवाने ओलं होतं आणि सूर्य नुकताच वर आला होता. माझी चेन उतरली, ती हिनेच बसवून दिली. काळे झालेले हात गवताला पुसत म्हणाली, "व्हा पुढं, मी येऊन राहिली." मी उताराला लागलो.

सागाची वाळलेली पानं थाळीएवढी असतात. चाकाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. उतारभर मी दोन्ही ब्रेक धरून, दात आवळून खाली आलो. नाल्यातल्या वाळूत चाक रुतलं, उतरून सायकल ढकलली, पलीकडचा चढ सुरू केला. तेवढ्यात कुठेतरी माकड खोकलं. कोरडा, घाईचा खोकला. मग दुसरं. वाघ-बिबट्या दिसल्याशिवाय माकडं असं खोकत नाहीत, एवढं मलाही कळतं.

मी कान मागे लावले. टण्‌टण्‌. घंटी होती. जरा लांब होती, पण होती.

"येऊन राहिली ना वं?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. ती माझ्या रडगाण्याला उत्तर देत नसे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पायडल मारत राहिलो, ते दोघे पुढे आणि घंटी मागे, आणि मनात म्हणत राहिलो की हा चढ संपला की पोह्यांचा डबा उघडायचा.

पाणवठ्याशी म्होरक्या आणि डॉक्टर थांबले होते. मी पोचलो, सायकल आडवी टाकली. घंटी जवळ येत होती. चांगलीच भरभर येत होती. "वहिनी तर सुसाट हायेत आज," म्होरक्या म्हणाला.

झुडपं हलली आणि एक तांबडी गाय बाहेर आली. गळ्यात पितळेची घंटी. तिच्यामागे आणखी दोन. म्होरक्या खो खो हसला. मीही हसलो, अर्धवट. मग त्या गाई पाण्याकडे न पाहता, कान ताठ करून आमच्या बाजूने पळत निघून गेल्या, आणि आमचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांच्यामागे गुराखी नव्हता. माझी बायकोही नव्हती.

एवढी साधी गोष्ट आमच्या चौघांच्याही डोक्यात आली नव्हती. गाईंच्या वाटेवर, गाईंच्या जंगलात, आम्ही माणसाची खूण म्हणून गाईची घंटी बांधली होती.

मी तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवू लागलो. माळावर. त्यानंतर ऐकलेली घंटी तिची होती की गाईची, मला सांगता येईना. फोनला रेंज नव्हती. म्होरक्या शहाण्यासारखं बोलत होता, "सगळे संगं जाऊ, आवाज करत जाऊ, कोणी घाई नाही करायची." त्याचं बोलणं संपायच्या आत मी सायकल वळवली होती.

"एकटा नको जाऊ गा!" तो मागून ओरडला.

हे शौर्य नव्हतं, गैरसमज नको. मी इतका घाबरलो होतो की मला थांबताच येत नव्हतं. ज्या उतारांवर मी उतरून सायकल हातात धरायचो, त्यांवरून मी ब्रेक न लावता गेलो. तिला हाका मारत होतो, पण सायकलच्या दणक्यांत आवाज निम्माच बाहेर येत होता. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. संध्याकाळी मी घरी गेलो आणि ती सोबत नसली तर? दाराचं कुलूप उघडून आत मी एकटा कसा शिरणार? त्यापुढचं काही सुचत नव्हतं.

नाल्याशी आलो आणि पडलोच. उठताना वाळू डोळ्यांसमोर आली. वाळूत टायरच्या रेघा होत्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या. तीन. चौथी रेघ नव्हती. ती नाल्यापर्यंत आलीच नव्हती. आणि माझ्या टायरच्या रेघेवर, बरोब्बर वर, एक पंजा उमटला होता. माझ्या पसरलेल्या तळव्यात मावला नसता एवढा. रेघेखाली नव्हे, वर. म्हणजे मी गेल्यानंतर तो इथून गेला होता, आणि ज्या बाजूने मी आता आलो होतो त्याच बाजूला गेला होता.

माकडं गप्प होती. सागाचं एक पान गळून पडलं तरी मी दचकत होतो. परत फिरायचं तरी तोच, इथे थांबायचं तरी तोच. सायकल तिथेच वाळूत सोडली आणि मी चारी हातापायांनी उतार चढू लागलो.

वरच्या वळणावर तिची सायकल दिसली. चाक वाकडं झालेलं, खोडाला अडकलेली. सीटखाली घंटी होती आणि तिच्यात तिचा हातमोजा गच्च कोंबलेला होता. ती नव्हती.

"शू."

मोहाच्या झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून ती बसली होती. एक पाय सरळ, घोटा सुजून हा एवढा झालेला. गालावर खरचटलेलं. मी तिच्यापाशी कोसळलोच म्हणायचं. तिने माझी बाही धरली ती सोडेना. इतक्या वर्षांत तिने मला असं कधी धरलं नव्हतं.

पडल्यावर तिने घंटी हलवून आम्हाला बोलवायचा विचार केला होता. तेवढ्यात माकड खोकलं, तिने वर पाहिलं, आणि तो वाटेवर उभा होता. तिने घंटीत मोजा कोंबला आणि श्वास रोखला. तो तिच्याकडे नुसता पाहून, आपल्याच तंद्रीत असल्यासारखा, वाटेने खाली नाल्याकडे गेला. आमच्या मागे.

"मग ध्यानात आलं," ती म्हणाली, "घंटी बंद झाली म्हणजे तुम्ही मांगं वळान. अन् तो तर तुमच्याच वाटेनं गेला. पायानं उठता येईना. वरडू तर तुम्ही अजून लवकर येसान." तिने बाही आणखी घट्ट धरली. "तवापासून देवाले एकच मागून राहिली होती जी. म्हटलं, रोज भेते हा माणूस, आजही भेऊ दे. आज याले इकडं नको येऊ देऊ."

खालून म्होरक्याच्या आणि डॉक्टरच्या हाका ऐकू येऊ लागल्या होत्या, थाळ्या वाजवल्यासारखे ते डबे वाजवत येत होते. ती रडत होती आणि माझ्यावर चिडलीही होती. माझ्या दंडावर मूठ मारत म्हणाली, "काहून आले तुम्ही? बोला ना, काहून आले?"

मी खरं तेच सांगितलं.

"तिकडं तुझ्याबिगर लय भेव वाटून राहिलं होतं."