सात वाजताचे फॅट

भारनियमनाच्या वर्षांतल्या एका हिवाळ्यात मार्गासनीच्या पुढच्या एका गावातील दूध संकलन केंद्राने एका बाईचे दूध घेणे बंद केले. आरोप पाणी घातल्याचा होता. आधार माझा अहवाल. 'यंत्र निर्दोष' असे मी त्यात लिहिले होते.

फॅट मोजणारे यंत्र यूएसबीने संगणकाला जोडलेले होते. दोघांमधली देवाणघेवाण सांभाळणारा ड्रायव्हर प्रोग्राम वरवे बुद्रुकजवळच्या एका शेडमध्ये मी लिहिला होता. तपासणीला दुपारी गेलो. वीज होती. सगळे नमुने बरोबर आले.

महिन्याने, संगणक सकाळी अडकतो म्हणून पुन्हा बोलावणे आले. या वेळी पहाटेच पोचलो. वरच्या वस्तीची माणसे चालत येत, म्हणून रांगेत शेवटी असत. ती बाईही होती. दूध घेत नव्हते, तरी रोज किटली आणून मोजायला लावत होती. सातला वीज गेली, इन्व्हर्टर लागला. तिचे फॅट साडेतीन आले. दूध म्हशीचे होते, सहाच्या आसपास यायला हवे होते.

"मावशी, परत पाणी," केंद्राचे सचिव म्हणाले.

"म्हशीला इचारा. लई पानी पिती ती."

रांग हसली.

"मशीन खोटं बोलत न्हाई."

"मग त्याला सातलाच का सुचतंय? दुपारी घेऊन येऊ का?"

मी रांगेत तिच्या पुढे असलेल्याची पावती मागितली. गाईचे दूध. आकडे तेच, दशांशासकट.

शेडमध्ये चार दिवस वीज तोडून पाहिली. संगणकाने आकडे मागितल्यावर ठरावीक वेळेत यंत्राचे उत्तर आले नाही, तर ड्रायव्हरमधला टायमर ती मागणी रद्द करी. वीज बदलताना उत्तर रेंगाळे आणि कधीकधी नेमके त्याच क्षणी येई. मग टायमर आणि उत्तर घेणारा भाग एकच मागणी एकाच वेळी निकालात काढत. नवे आकडे पुसले जात, आधीच्या किटलीचे उरत. कधी संगणकच अडके. उत्तर आले की टायमर थांबवण्याची सूचना मी लिहिली होती. पण त्याने त्याआधीच मागणी रद्द करायला घेतलेली असू शकते, हे धरले नव्हते. आता मागणीला एका वेळी एकच भाग हात लावील आणि टायमर पुरता थांबल्याशिवाय पुढची मागणी जाणार नाही, अशी दुरुस्ती केली.

केंद्रात ती बसवली. पहिला अहवाल चुकीचा होता, असे लेखी दिले. सचिवांनी कागद दोनदा वाचला आणि वस्तीवर निरोप धाडला.

आदल्या आठवड्यातच तिने म्हैस विकली होती.