बोलावल्याबिगर

औशाच्या बसस्टँडवर मला सोडायला फक्त माय आली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, "पिकाला पाणी द्यायचंय" म्हणून सकाळीच शेतात निघून गेले होते. आमची विहीर चुलत्यांच्या सामाईकात, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी चुलत्यांची होती. हे मायला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मायनं धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला, पिशवीची गाठ उगीच सोडली आणि पुन्हा बांधली. बस हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "रेणू, तिथं गेल्यावर येळच्या येळी जेव. बाकी काय बी कर."

बाकी काय बी कर! एवढी मोकळीक मला जन्मात कुणी दिली नव्हती.

अण्णांचं वाक्य मात्र घरातूनच सोबत आलं होतं. शेताकडं जाताना उंबऱ्यात थांबून, माझ्याकडं न बघता ते म्हणाले होते, "जातीस तर जा. पण बोलावल्याबिगर यायचं न्हाई."

कारण आडपडदा न ठेवता सांगते. लातूरला माझं लग्न करून दिलं होतं आणि नवरा हात उचलायचा. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा "भांड्याला भांडं लागतंच" हे ऐकायला मिळालं. पुढं सांगणं सोडलं. मग एक दिवस बॅग घेऊन माहेरी आले ती आलेच. आमच्या ओसरीवर बैठक बसली. मामा, चुलते, नवऱ्याकडची वडीलधारी माणसं. माझ्या आयुष्याचा निकाल लागत होता आणि चहा मीच करत होते. ठरलं असं, की झालं गेलं विसरून पोरीला परत नांदायला पाठवायचं. कपबशांचा ट्रे हातात धरून मी म्हणाले, "मी जाणार न्हाई."

त्या क्षणी मी मोठी धीट होते, असं कुणी समजू नये. ट्रेमधल्या बशा वाजत होत्या. पण बोललेला शब्द मी मागं घेतला नाही, एवढं खरं.

अण्णांचा चेहरा उतरला तो उतरलाच. ते स्थळ त्यांनीच आणलं होतं, चार ठिकाणी चौकशी करून, मोठ्या हौसेनं. माझ्या नकारानं त्यांचं भावकीत नाक कापलं गेलं. आज मला वाटतं, त्यांना राग माझा कमी आणि स्वतःचा जास्त होता. पण आपल्याकडच्या बापमाणसाला स्वतःचा राग आला की तो कुठं ठेवावा हे कळत नाही. तो लेकीवर ठेवला जातो.

तरीही मी गाव सोडलं नसतं. सोडलं ते येळवशीमुळं.

लातूर-औशाकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बंगळुरात माझ्या पुण्या-नागपूरच्या मैत्रिणींना ती सांगावी लागली, म्हणून इथंही सांगते. मार्गशीर्षातली अमावास्या, वेळ अमावास्या, तीच आमची येळवस. त्या दिवशी अख्खं गाव रानात. ज्वारीच्या कडब्याची कोपी उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, "ओलगे ओलगे" असा गजर करत पिकात आंबील शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. भज्जी, खिचडा, बाजरीचे उंडे आणि माठातली गार आंबील. इथली भज्जी तळलेली नव्हे बरं, डाळीच्या पिठात शिजवलेली वाल, तूर, वाटाणा अशा कोवळ्या शेंगांच्या दाण्यांची भाजी. पण या सणाचा खरा जीव वेगळाच. त्या दिवशी जेवायला आवतन लागत नाही. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, रानाच्या मालकानं हाक मारायची, त्यानं यायचं, जेवायचं आणि "येतो" म्हणून पुढं निघायचं. नाव-गाव विचारायचं नाही. अण्णा तर सकाळपासून बांधावरच उभे असायचे. म्हणायचे, "आजच्या दिशी रस्त्यावरचं मानूस उपाशी गेलं, तर त्या सालाचा दाना पचत न्हाई."

मी माहेरी आले त्या साली येळवशीला रानात सगळी भावकी जमणार होती. "औंदा तू घरीच ऱ्हा," अण्णा म्हणाले. मी राहिले. येळवशीला गाव किती ओस पडतं हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी मी त्या दिवशी कधी गावात नव्हतेच. अख्ख्या आळीत मी आणि कुत्री. लांबून रानातल्या हाका ऐकू येत होत्या. अनोळखी माणसांना हाका चालल्या होत्या आणि घरच्या लेकीला दार लावून बसायला सांगितलं होतं. मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि लग्नाआधी मिळवलेलं लॅब टेक्निशियनचं सर्टिफिकेट पेटीतून काढलं. महिनाभरात बंगळुरात नोकरी लागली.

बंगळूर म्हणजे लंकेत सोन्याच्या विटा. काचेच्या इमारती, मेट्रो, आणि पीजीत एका खोलीत आम्ही तिघी, तीन भाषांच्या. सकाळी लॅबमध्ये लोकांच्या दंडाची शीर शोधायची, संध्याकाळी सांबारात भात कालवायचा. इकडं भेटल्या भेटल्या "ऊट आयता?" म्हणजे "जेवण झालं का?" असं विचारतात. पहिल्यांदा वॉचमननं विचारलं तेव्हा माझे डोळे भरून आले. पुढं कळलं की ती नुसती विचारायची रीत आहे. तरी मी रोज त्याच्यासमोरून सावकाश जायची.

रविवार खायला उठायचा. खोलीतल्या मुली आपापल्या लोकांत जायच्या. मी वाट बघायची, कुणीतरी मलाही "चल" म्हणेल याची. आम्हाला शिकवलंच तसं आहे. बाईमाणसानं बोलावल्याबिगर जायचं नाही.

अशाच एका रविवारी मी कब्बन पार्कातून चालले होते. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. झाडांखाली चटया टाकून घरंच्या घरं डबे उघडून बसली होती. पायवाटेशेजारी बसलेल्या एका हिरव्या साडीतल्या बाईनं हात वर केला आणि हाक मारली, "बन्नि, बन्नि!" एवढं कन्नड मला येत होतं. बन्नि म्हणजे या. मी चप्पल काढली आणि जाऊन चटईवर बसले.

लातूरकडचं माणूसच हे करू जाणे. दुसऱ्या कुणी निदान मागं वळून बघितलं असतं.

त्यांनी ताट पुढं केलं. चित्रान्न म्हणजे लिंबाचा पिवळा भात, दहीभात, लोणचं. कुणी नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सगळं रीतीप्रमाणं चाललंय असंच मला वाटत होतं. पोटभर जेवले, हात धुतला, नमस्कार केला, "येते" म्हणाले आणि उठले. तेव्हा दिसलं, माझ्यामागून आलेलं एक जोडपं लेकराला घेऊन चटईच्या कडेला अवघडून बसलं होतं. ती हाक त्यांना होती. धरणीमायनं पोटात घ्यावं असं झालं मला.

हिरव्या साडीतली बाई, गिरिजक्का तिचं नाव, हसून हसून लोटपोट झाली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम इतना आराम से बैठा, हम सोचा हमारा ही रिश्तेदार है!" मी लाजत लाजत तिला येळवस सांगितली. ऐकता ऐकता तिचं हसू थांबलं. निघताना तिनं माझा हात धरला, "अगले संडे फिर आना. अब तुमको ही बुला रही हूँ."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. हाकेची वाट बघत मी झुरत होते, पण हाक मारायचं माझ्याही तोंडात होतंच की. पुढच्या येळवशीला मी पीजीच्या गच्चीवर भज्जी रांधली. वाल कुठून आणणार? इकडची अवरेकाई, वालासारखीच शेंग, सोलून घातली. दोरीवर वाळणाऱ्या चादरींची कोपी केली आणि जिन्यात उभी राहून येईल जाईल त्याला हाका मारल्या. केरळची आली, बिहारची आली, वॉचमन आला, गिरिजक्का तर घरदार घेऊन आली. आंबील कुणालाच फारशी आवडली नाही. पण त्या दिवसापासून गच्ची माझी झाली आणि हळूहळू शहरही.

मग यंदा लॅबवाल्यांनी आमच्यासाठी एक ट्रेनिंग ठेवलं. सूटबुटातला माणूस पडद्यावर चित्रं दाखवत विचारत होता, "तुमच्या आयुष्याचा लीडर कोण?" मला हसू आवरेना. आमच्याकडं बाईला विचारतात ते "कुणाची लेक, कुणाची सून" एवढंच. पुढं त्यानं प्रत्येकाला विचारलं, आयुष्यात तुम्ही जपलेलं एक मूल्य सांगा आणि ते कुणाकडून मिळालं तेही सांगा. प्रामाणिकपणा, शिस्त, मेहनत, असं एकेक जण सांगत गेला. माझी पाळी आली. मी म्हणाले, "रस्त्यावरच्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही."

"कुणाकडून?"

"वडिलांकडून," म्हणाले आणि खाली बसले. इतकी वर्षं मी ज्यांच्यावर रुसले होते, त्यांच्याच शिकवणीवर या परक्या शहरात उभी होते.

त्या आठवड्यात मी मायला फोन केला, अण्णा रानात असताना, नेहमीसारखा चोरून. म्हणाले, "मी येळवशीला येतेय."

माय घाबरली. "नको रेणू. मानसं जमतील. चारचौघांत त्येनी तोंड फिरवलं, तर मला न्हाई बघवायचं."

"मी घरात येत नाही, माय. रानातही येत नाही. रस्त्यावर उभी राहीन. हाक आली तर येईन, नाही आली तर तिथूनच परत फिरेन."

हे बोलायला सोपं होतं. औशाहून गावच्या वाटेला लागले तेव्हा ते कळलं. दोन्ही बाजूंना हरभरा, करडई, उभी तूर. रानारानातून हाका येत होत्या, "ओ ताई, या की जेवाया!" मी हात जोडत पुढं चालले होते. मला एकच हाक हवी होती, आणि ती आली नाही तर उरलेल्या आयुष्यात येळवस मला नकोशी होणार होती.

आमच्या रानापाशी, बाभळीजवळ, रस्त्यावर उभी राहिले. कोपीभोवती पंगत बसली होती. मामा होता, चुलते होते. आधी मायनं बघितलं, तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मग एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. अण्णा पाठमोरे होते. वळले. म्हातारे दिसत होते, माझ्या आठवणीपेक्षा फार म्हातारे. त्यांनी मला ओळखलं, यात शंका नव्हती. तरी कुणीच हललं नाही. मी खाली बघितलं नाही. मनात म्हणत होते, बोलावल्याबिगर यायचं न्हाई हेही तुमचंच, आणि येळवशीला आवतन लागत न्हाई हेही तुमचंच. कुठलं खरं ते आता तुम्हीच सांगा.

अण्णा बांधापर्यंत आले. घसा खाकरला.

"ओ बाई," ते म्हणाले, "उनात काऊन उभ्या? या जेवाया."

लेकीला नव्हे, वाटसरूला हाक मारली त्यांनी. मी तेवढीच घेतली. जाऊन पंगतीच्या टोकाला बसले. अण्णांनी स्वतः आंबील वाढली. मामानं तोंड उघडलं, "दाजी, पर ही तर..."

"येळवस हाय," अण्णा म्हणाले. "गप जेव."

आंबील तशीच होती, आंबट, गार, लसणाच्या वासाची. मी पान पुसून जेवले. हात धुतला आणि उठले. "येते," म्हणाले. रीतच ती.

"कुठं?" अण्णा म्हणाले.

"जेवायला बोलावलं होतं. जेवले."

ते रस्त्याकडं बघायला लागले. मोटरसायकलवरून कुणीतरी नवराबायको चालले होते. "सकाळपसून वरडून वरडून माजा घसा बसलाय," ते म्हणाले. "तू मार हाक."

बांधावरून हाक मारायचा मान घरच्या माणसाचा असतो. मी पदर खोचला, बांधावर चढले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "ओ दादा! ओ वैनी! या जेवायला!" मोटरसायकल थांबली. मागं माय तोंडाला पदर लावून रडत होती आणि रडता रडता पानं वाढत होती.

गाव सोडलेल्या आणि गावात राहिलेल्या, दोन्हीकडच्या माझ्या बायांनो, मला आता घर विचाराल तर मी दोन पत्ते सांगेन. जिथून मला हाक मारता येते ते घर. एक गच्ची आहे, एक बांध आहे. गावात आजही लोक बोलतात, मामा अजून फुगलेला आहे, आणि तरी मी सुखात आहे. धीर माझा होता, शिकवण अण्णांची होती. दोन्ही लागलं.

परतताना औशाच्या बसस्टँडवर माय आली होती, आणि अण्णाही. ते पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. बस लागली तेव्हा म्हणाले, "बोलावनं यायची वाट बघू नको. बोलावल्याबिगरच येत जा."

त्या दिवशी विहिरीवर पाण्याची पाळी खरोखरच आमची होती.