बेसमेंटमधली भारतीय बैठक

आमच्या घरी पाहुणे टिकत नाहीत.

येतात, जेवतात, ‘काय सुरेख झालाय हो मसालेभात!’ म्हणतात आणि शेवटचा गुलाबजाम घशाखाली उतरायच्या आत एक जण कोटाची बाही शोधायला लागतो. मग दुसऱ्याला आठवतं की उद्या लवकर उठायचंय. (रिटायर होऊन युगं लोटली! कशाला उठायचंय लवकर?) तिसरा म्हणतो, ‘बर्फ पडेलसं दिसतंय.’ अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये हे वाक्य वर्षातले सहा महिने कधीही म्हणता येतं. बघता बघता गराजसमोरच्या गाड्या निघून जातात आणि मी, माझा नवरा श्रीकांत आणि उरलेला मसालेभात एकमेकांकडे बघत राहतो.

हीच माणसं सुलभाताईंकडे मात्र दुपारच्या चहाला जाऊन रात्री जेवूनच निघतात! सुलभाताईंच्या सोफ्याचा रंग पडद्याशी जुळत नाही, पडद्याचा गालिच्याशी जुळत नाही, आणि एका खुर्चीत तर बसलं की ती ओरडते. तरी आमच्या ग्रुपची दर महिन्याची गाण्याची बैठक त्यांच्याकडेच. गातात त्या स्वतःच. मी दरवेळी जाते, वाहवा म्हणते आणि मनातल्या मनात जळते.

माझी लेक केतकी लांब दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला असते. तिला मी एकदा फोनवर विचारलं, “काय गं, आपल्याकडे लोक का थांबत नाहीत?”

“आई, डोन्ट माइंड हं, पण आपली लिव्हिंग रूम वेटिंग रूमसारखी दिसते. आय कीप वेटिंग फॉर समवन टु कॉल माय नेम.”

मला राग आला, पण त्यात तथ्य होतं. मी जन्मभर पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे अशी डॉक्टर, जिच्याकडे पेशंट येत नाही, त्याचा तुकडा येतो. काचेवरचा तुकडा आपणहून उठून जात नाही, त्यामुळे आलेल्याला थांबवायचं कसं हे शिकायची कधी वेळच आली नव्हती.

अशात सुलभाताईंनी घर विकून लहानशा काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जायचं ठरवलं आणि बैठक आता कुणाकडे, हा प्रश्न उभा राहिला. मी हात वर केला. इतक्या जोरात, की शेजारच्या बाईंचा चष्मा उडाला! खरं सांगते, केतकी तिकडे गेल्यापासून आमचं घर अगदी गप्प झालं होतं. श्रीकांत टीव्हीसुद्धा हेडफोन लावून बघतो. मला घरात माणसांचा गलका हवा होता. फार हवा होता.

आमच्या ग्रुपचे अघोषित सरपंच म्हणजे डॉक्टर बापट. रिटायर्ड ऑर्थोपेडिक सर्जन. अर्ध्या गावाचे गुडघे त्यांनी बदललेत. ते म्हणाले, “एकदा माधवीकडे करून बघू. लोक रमले तर ठरवून टाकू.”

लोक रमले तर! मी त्याच दिवशी अंतर्गत सजावटीच्या एका ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. कोर्सच्या बाई फार गोड बोलायच्या. त्यांचं म्हणणं असं की उंच फर्निचर माणसांना एकमेकांपासून तोडतं. खाली या, जमिनीशी नातं जोडा, डोळ्यांच्या रेषेत काहीही येऊ देऊ नका. हे ऐकून मी उडालेच. अहो, ही तर आपली भारतीय बैठक! तीही पैसे भरून अमेरिकन बाईकडून शिकायची वेळ आली होती.

आमचं बेसमेंट मी रिकामं करायला घेतलं. सोफा दान केला. खुर्च्या दान केल्या. टेबलं गेली. कोपऱ्यात धूळ खात पडलेली ट्रेडमिलसुद्धा गेली. (त्या अख्ख्या बेसमेंटमध्ये धरायला दांडा असलेली ती एकमेव वस्तू होती, हे मला फार नंतर सुचलं.) कापसाच्या गाद्या भरून देणारा इथे मिळतो कुठे? म्हणून मी मेमरी फोमच्या जाडजूड गाद्या आणल्या. हात दाबला की आत जातो आणि काढला तरी ठसा बराच वेळ तसाच राहतो, त्या! त्यावर पांढऱ्याशुभ्र चादरी, भिंतीला लोड, मध्ये तक्के, छताला मंद पिवळे दिवे. काय दिसत होतं म्हणून सांगू!

श्रीकांत मेकॅनिकल इंजिनिअर. नुकताच त्याचा गुडघा बदललाय. तो काठी टेकत जिना उतरला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, “छान आहे. बसतील सगळे. पण उठतील कसे?”

“पायांवर!”

“माधवी, आपल्या लोकांचे गुडघे...”

“लहानपणी आपण सगळे खालीच बसायचो ना?”

“तेव्हा आपण लहान होतो.”

या माणसाला सौंदर्यदृष्टी कशी ती नाही. मी दुर्लक्ष केलं.

फेब्रुवारीतला रविवार. बाहेर बर्फ, आत उदबत्तीचा वास. दुपारी मंडळी आली, जिना उतरली आणि दारातच थबकली. “अगंबाई!” सुलभाताई म्हणाल्या. “माधवी, हे तू केलंस?” त्यांच्या आवाजात आश्चर्य जरा जास्तच होतं, पण मी तिकडे कानाडोळा केला.

मग बसण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बापटांनी आधी मिलिंदचा खांदा धरला. मिलिंद वानखेडे आमच्या ग्रुपमधला सगळ्यात तरुण, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडचा. नागपूरचा, इथे आयटीत आहे. त्याच्या आधाराने बापट अर्ध्यापर्यंत सावकाश आले आणि उरलेलं अंतर देवावर सोडून दिलं. धप्प! त्यांच्यामागून सगळ्या गाद्यांवर धप्प, धप्प, “आई गं!” आणि लगेच “आहाहा!”

“काकू, मस्तच करून ठेवलं तुम्ही!” मिलिंद म्हणाला. “मला तर बसल्या बसल्या झोप येऊन राहिली.”

श्रीकांत तेवढा जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकला. “मी इथंच बरा,” म्हणाला.

“आता कुणी उठायचं नाही हं!” मी लाडाने दटावलं. “काय हवं ते मी हातात आणून देणार!”

अशी आज्ञाधारक मंडळी मी आयुष्यात पाहिली नव्हती. सुलभाताईंनी पेटी पुढे ओढली आणि गाणं असं रंगलं की विचारू नका. मी साबुदाणेवडे आणले, चहा आणला, पुन्हा चहा आणला. कुणी घड्याळ बघेना. कुणी कोटाकडे बघेना. चार वाजले, पाच वाजले, बाहेर अंधारून आलं. बर्फ पडू लागला तरी त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही!

एरवी दोन गाण्यांनंतर पेंगणारे बापट आज हात जोडून म्हणत होते, “सुलभाताई, अजून एक! भैरवी इतक्यात नको!”

“छे, छे, भैरवी कशी इतक्यात!” सुलभाताई म्हणाल्या आणि लगेच पुढचं गाणं सुरू केलं. त्यांचा घसा बसत चालला होता, पण थांबायला तयार नव्हत्या. सगळे ओरडत होते, “वन्स मोअर!” एकदा भैरवी झाली की बैठक संपते आणि माणसं उठतात, हा तर नियमच. आणि माझ्या घरी भैरवी कुणालाच नको होती! मी वर जाऊन केतकीला मेसेज टाकला: कुणीही जात नाहीये!!! आनंदाने माझे डोळे भरून आले होते.

अखेर सुलभाताईंचा आवाज पार गेला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी भैरवी घेतली. शेवटचा सूर विरला. कुणी हललं नाही. टाळ्यासुद्धा नाहीत. त्या मंद उजेडात सगळे लोडाला टेकून समोर बघत होते. मला वाटलं, भारावून गेलेत बिचारे.

सुलभाताईंनी मला बोटाने जवळ बोलावलं.

“माधवी, मला बाथरूमला जायचंय गं. तिसऱ्या गाण्यापासून.”

“अहो मग जा ना!”

“उठताच येत नाहीये मला!” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. “म्हणून तर गातेय!”

आणि मग बांध फुटला. “मलाही नाही येत!” पलीकडून आवाज आला. “माझा पाय केव्हाच मेलाय!” “मला वाटलं, मी एकटीच!” प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच गुडघा दगा देतोय, आणि चारचौघांत शोभा नको म्हणून प्रत्येक जण भैरवी पुढे ढकलत होता! माझा सगळा वन्स मोअर हा असा होता.

मला हसावं की रडावं कळेना. आधी चिडलेच. “काहीतरीच तुमचं! एवढं काय अवघड आहे? हे बघा, अशी मांडी घालायची आणि असं...” मी बसून दाखवलं. गादीने मला प्रेमाने आत घेतलं. मी हात टेकला, हात आत गेला. लोड धरला, लोड घरंगळला आणि मी उताणी झाले. भिंत चाचपली, तर भिंतीवर काही नव्हतं. डोळ्यांच्या रेषेत मी काहीच ठेवलं नव्हतं ना!

“पुढचं दाखव,” श्रीकांत पायरीवरून म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

“घाबरू नका,” बापट म्हणाले, “याचं एक टेक्निक असतं. मी पेशंटना शिकवायचो. आधी कुशीवर वळायचं...” ते कुशीवर वळले आणि तिथेच राहिले.

“थांबा काका, मी उचलतो!” मिलिंद तरुण रक्ताचा, टुणकन उठला. त्याने बापटांना काखेतून धरलं, जोर लावला आणि “अरे बाप्पा!” करून स्वतःच कमरेत वाकला, तो वाकलेलाच राहिला. त्याच्या हातून सुटलेले बापट तक्क्यावरून गडगडत सुलभाताईंच्या पेटीपर्यंत गेले.

तेवढ्यात बापटांच्या मनगटावरचं घड्याळ बोलायला लागलं. हल्लीची ती शहाणी घड्याळं! माणूस पडलाय असं त्याला वाटलं. “नाही रे बाबा, पडलो नाही!” बापट त्याला मराठीत समजावत होते. बटण दाबावं तर चष्मा गादीत रुतलेला आणि माझे दिवे मंद. घड्याळाने परस्पर इमर्जन्सीला फोन लावला.

“सर, आर यू एबल टु स्टँड?” घड्याळातून एका बाईचा आवाज आला.

बापट सत्यवचनी. “नो.”

“इज एनीवन विथ यू?”

“मेनी पीपल.”

“कॅन दे स्टँड?”

बापटांनी मान वर करून सगळीकडे बघितलं. “नो. ऑल ऑफ अस आर डाऊन.”

फायर ब्रिगेडचे दोन बंब आले. श्रीकांतने काठी टेकत जाऊन दार उघडलं. तोंडाला मास्क आणि हातात वायू मोजायचं यंत्र घेऊन जवान धडाधडा जिना उतरले. बर्फाचे दिवस, बंद बेसमेंट, उदबत्तीचा धूर आणि पांढऱ्या चादरींवर आडवी पडलेली म्हातारी माणसं! हीटरचा विषारी वायू पसरलाय अशी त्यांची खात्रीच झाली. एक जण सुलभाताईंच्या डोळ्यांत टॉर्च मारून विचारू लागला, आज कोणता वार आहे. “संडे! बाथरूम!” त्या ओरडल्या.

यंत्राने हवा निर्मळ असल्याचं सांगितलं. त्यांची कॅप्टन एक उंचीपुरी बाई होती. तिने मास्क काढला आणि माझ्याजवळ गुडघा टेकून बसली. (आणि नुसती टेकूनच, कशालाही न धरता उठलीसुद्धा! सगळ्यांनी हेव्याने बघितलं.)

“मॅम, व्हॉट हॅपन्ड हिअर?”

मी उताणी पडल्या पडल्या म्हणाले, “इंटिरिअर डिझाइन.”

मग एकेकाला उचलण्याचा सोहळा झाला. पहिला मान सुलभाताईंचा. त्यांना उभं केलं आणि त्या थेट पळाल्याच. कमरेत वाकलेल्या मिलिंदला दोघांनी तसंच वाकलेलं वर नेलं. माझी पाळी शेवटची आली आणि मी उठल्यावर गादीवर माझा ठसा हुबेहूब उरला, हात पसरलेला.

वर स्वयंपाकघरात सगळे ओट्याभोवती उभे होते. बसायचं नाव कुणी काढेना. मी घाईघाईने पिठलं टाकलं, भात लावला. उरलेले वडे फायर ब्रिगेडने संपवले. बापट स्वतःचं गडगडणं साभिनय सांगत होते, सुलभाताई बसलेल्या घशाने हसत होत्या, मिलिंद वाकलेल्या अवस्थेतच “काकू, मिरचीचा ठेचा असेल तर वाढा!” म्हणत होता. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, इतका गलका! मला खरंच भरून आलं.

तेवढ्यात बापटांनी ताटलीवर चमचा वाजवला. “मंडळी, माझ्या मते ठरलंच. यापुढे दर महिन्याची बैठक माधवीकडे. कुणाची हरकत?”

“नाही!” सगळे एका सुरात ओरडले.

“खरंच?” मला विश्वास बसेना. “म्हणजे, आवडलं ना तुम्हाला? दिवे? ती मांडणी?”

“दिव्यांत काय दिसलं गं आम्हाला!” बापट म्हणाले. “पण आपल्या सगळ्यांची वयं बघ. आज ना उद्या कुणाचं तरी काहीतरी अडकणारच. अख्ख्या ग्रुपमध्ये फायर ब्रिगेडला रस्ता माहीत असलेलं घर एकच!”

कॅप्टनबाईंना कुणीतरी हे इंग्रजीत सांगितलं. त्यांनी तोंडात वडा असतानाच गंभीरपणे मान डोलावली.

आणि मी पाहुण्यांची इतकी हावरी, की त्यावरही ‘थँक्यू’ म्हणाले.