‘मजबूत’ नोको लिहू

मोहनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीरगांवच्या आमच्या लॅबमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. टाकीत काँक्रीटचे तीन ठोकळे होते, चारच दिवसांपूर्वी काकांनी साच्यात भरलेले... फोन ठेवला आणि उगाचच टाकीतलं पाणी बघत राहिले.

ठोकळा अठ्ठावीस दिवसांचा झाला की मशीनमध्ये दाबून फोडायचा आणि काटा जिथून मागे फिरतो तो आकडा लिहायचा, हे आमचं काम. फोडायचे काका, लिहायची मी. पहिल्याच आठवड्यात मी अहवालात ‘काँक्रीट मजबूत’ लिहिलं, तर त्यांनी ते खोडलं. म्हणाले, “मजबूत नोको लिहू, पोरी. संपीडन-सामर्थ्य लिही. दाबलं तर लय सहन करते हे, पन खेचून पाह्य, फटकन तुटते.” या शब्दावर त्यांचा भारी जीव. कुणी ठेकेदार ‘ताकत कितनी है, भैया?’ विचारत आला, की चहा गार होईपर्यंत त्याची शिकवणी चालायची.

काकू वारल्या तेव्हा चौदाव्याच दिवशी काका कामावर हजर. सगळे म्हणाले, माणूस खंबीर. मीही म्हणाले. मुलगा बेंगळुरूला, “पापा, यहीं आ जाओ ना,” हे दर रविवारी फोनवर. एकदा डबा खाताना काका म्हणाले, “घर इकडे खेचते, पोट्टा तिकडे. सांजच्याले येत जा ना तू घरी.” मी ‘हव’ म्हटलं आणि गेले नाही. माझं घर ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, त्यांचं तात्यापाऱ्यात. एवढ्या खंबीर माणसाकडे काय जायचं, असं वाटायचं मला. इतकी वर्षं शिकून शेवटी मी त्यांना ‘मजबूत’च लिहून टाकलं होतं.

काल त्या तीन ठोकळ्यांचा अठ्ठाविसावा दिवस होता. ठोकळे ओले असतानाच काका खिळ्याने तारीख कोरायचे, ती तिन्हींवर होती. एक तरी ठेवून द्यावा असं फार वाटलं. पण अहवालाला तिन्ही लागतात, आणि दोनांवर भागवलं असतं तर काका तडकले असते. तिसऱ्याला काटा चढत गेला, थांबला, मागे फिरला. तारखेची बाजू अख्खी सुटून पडली. तो तुकडा पुसून त्यांच्या स्टुलावर ठेवला, आकडा लिहिला.

संध्याकाळी घरी आले, पर्स टाकली आणि तशीच पायी निघाले. तात्यापारा यायला दहा मिनिटंही लागली नाहीत... दाराला कुलूप होतं.