तीन पाय आणि सामाईक पॅसेज

टाचणीबाईंशी भांडायचं असेल तर त्यांनी टाचण्या तोंडात धरायच्या आत भांडून घ्यावं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला अनुभवानं कळलेलं होतं. एकदा ओठांत सात-आठ टाचण्या गेल्या की त्यांचं बोलणं दातांच्या फटीतून यायचं, आणि तसं आलेलं वाक्य जरा जास्तच लागायचं. "पोट आहे तसं सोडा. आत ओढून मला फसवाल, शर्टाला कसं फसवाल?" गिऱ्हाईक निमूटपणे पोट सोडायचं. शाळेचे गणवेश, फ्रॉक, पडदे, पँटीची लांबी कमी करणं, सगळं त्या चाळीस वर्षं एकाच पायमशीनवर शिवत आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून खोदून विचारणाऱ्या एका मावशीला त्यांनी सांगितलं होतं, "मापात कोणी बसलं नाही. तुम्ही पण बसत नाही आहात, जरा सरळ उभ्या राहा."

त्यांचे थोरले भाऊ त्याच घरात, मागच्या बाजूला राहायचे. पाणीपुरवठा कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण बोलणं अजून टेबलापलीकडूनच. "चहा प्रलंबित आहे का?" असं ते बायकोला विचारायचे. दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ अशी चिठ्ठी लिहिली तरी डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक टाकायचे. म्हणून गल्लीत त्यांना जावकबाबू म्हणत. अर्थात, पाठीमागे.

वडील गेल्यावर बहीण-भावांनी घर वाटून घेतलं. पुढचं दुकान आणि त्याला लागून असलेली खोली बहिणीची. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर भावाचं. मधून अंगणात जाणारा लांब पॅसेज दोघांचा, आणि अंगणही दोघांचं. वाटणीपत्रातलं कलम सात म्हणत होतं की सामाईक जागेत कोणीही, कोणतीही वस्तू ठेवणार नाही. हे कलम टाचणीबाईंनीच हट्टानं घालून घेतलं होतं, कारण दादा तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचायचा. कलम आठ म्हणत होतं की घरात जनावर ठेवायचं तर दोघांच्या संमतीनं. ते दादानं घातलं होतं. त्या वेळी घरात जनावर नव्हतं, पण दादाला पुढचं दिसायचं.

मग ठिगळ आला. काळा कुत्रा, छातीवर पांढरा डाग, जणू कोणी घाईत तुकडा लावून शिवलाय. पाच वर्षं तो मशीनखाली चिंध्यांवर झोपला. दादानं संमती दिली नाही आणि नाकारलीही नाही. फाइल तशीच पडून होती.

आणि एका सकाळी अंगणाचं फाटक उघडं राहिलं. ठिगळ रस्त्यावर गेला, टेम्पोचं मागचं चाक उजव्या मागच्या पायावरून गेलं. पाय खुब्यापासून काढावा लागला.

फाटक कोणी उघडं टाकलं, हे घरात कोणी विचारलं नाही. त्या सकाळी वर्तमानपत्र आणायला कोण गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठिगळ घरी आला तो गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून, अर्धं अंग भादरलेलं, शरमल्यासारखा. टाचणीबाईंनी त्याला चिंध्यांवर ठेवलं. त्याला लघवीला न्यायचं तर दोनच वाटा. पुढच्या दारातून पाच उंच पायऱ्या आणि थेट रहदारी, किंवा मागे पॅसेजमधून अंगण. पॅसेजची फरशी म्हणजे वहिनींचा अभिमान. दिवसातून दोनदा पुसून त्यांनी ती अशी गुळगुळीत केली होती की माणसानंही बेतानंच पाय टाकावा. ठिगळनं तिसऱ्या पावलाला बसकण मारली. मागचा एकुलता एक पाय बाहेर घसरला, नरसाळं फरशीवर आपटलं, टक्!

मागच्या खोलीतून टीव्हीचा आवाज वाढला.

"दादा, आवाज कमी कर!" टाचणीबाई ओरडल्या.

आवाज आणखी वाढला.

वहिनी दोघांपैकी कोणाशीच बोलायच्या नाहीत, त्या भांड्यांशी बोलायच्या. "ऐक रे पातेल्या, या घरात मुकं जनावर पडलं की माणसं बहिरी होतात. आणि पुसायला कोण? मीच. तू पुसणार आहेस का? नाहीस ना?"

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराखालून कागद सरकला.

‘जा. क्र. ४१. विषय: तीन पायांच्या कुत्र्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्राणी सामाईक पॅसेजमध्ये वारंवार पडत असून रहिवाशांना मनस्ताप होत आहे. आजपासून पंधरा दिवसांच्या आत सदर प्राणी विनाआधार पॅसेज ओलांडून अंगणात जाऊ न शकल्यास, कलम आठ अन्वये संमती नाकारण्यात येऊन त्याची रवानगी प्राण्यांच्या निवाऱ्यात करण्यात येईल. सोबत: निवाऱ्याचा अर्ज, भरलेला.’

अर्ज खरंच भरलेला होता. ‘प्राण्याचा स्वभाव’ या रकान्यात दादानं ‘निष्पाप’ असं लिहिलं होतं. टाचणीबाईंनी तो शब्द दोनदा वाचला आणि त्यांचं डोकं आणखीच तापलं. कागदाच्या मागे कापडावरच्या खडूनं मोठ्ठं ‘वाचलं’ लिहून त्यांनी तो पॅसेजमधून मागे सरकवला. दहा मिनिटांत परत आला. खाली लिहिलं होतं: ‘सामाईक जागेत कागद टाकू नये. कलम सात.’

पॅसेजमध्ये गोणपाट अंथरलं असतं तर अर्धा प्रश्न सुटला असता. पण कलम त्यांचंच. ते मोडलं तर दादा उद्या पुन्हा गठ्ठे रचेल आणि वर म्हणेल, "सुरुवात कोणी केली?" गोणपाट राहिलं. मग त्या वळल्या जे येत होतं त्याकडे.

जुन्या जाड पँटीचं कापड घेतलं. ठिगळच्या मागच्या भागाला उचलून धरायला चड्डीसारखी झोळी, वर दोन बंद, हातात धरायला. कापड दुमडलं, घडीवर अर्धं माप आखलं, पायाचं भोक गोल काढलं, खर्रकन कात्री चालवली. चाळीस वर्षं हेच. शर्ट असो, फ्रॉक असो, माणूस दोन्हीकडून सारखाच, म्हणून घडी घालायची आणि एकदाच कापायचं. कापड उलगडलं तेव्हा समोर दोन भोकं होती.

टाचणीबाई त्या दुसऱ्या भोकाकडे बघत बसल्या. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मशीनखालून ठिगळ त्यांच्याकडे बघत होता, नरसाळ्याच्या आतून, दुर्बिणीतून बघावं तसा.

"बघू नकोस," त्या म्हणाल्या. "कापड वाया जाणार नाही."

आणि त्यांनी चूक सुधारताना मोठी चूक केली. दुसरं कापड घेण्याऐवजी त्या भोकावर गोल तुकडा लावला, चांगली दुहेरी शिवण मारली, कडेनं दाबून इस्त्री केली. झोळी देखणी झाली. दोन दिवस त्यात ठिगळ पॅसेज पार करायचा, म्हणजे टाचणीबाई त्याला बंदांनी जवळजवळ टांगून न्यायच्या, इंच-इंच, एखादा उंची गालिचा दुकानातून बाहेर काढावा तसं. तिसऱ्या दिवशी तो झोळी बघताच गुरगुरला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

प्राण्यांच्या डॉक्टरांना जगातली प्रत्येक बाई ‘आई’ होती आणि प्रत्येक जनावर ‘बाळ’. शब्दांची शेपटं ओढत बोलायची सवय. "काऽय आई, काऽय म्हणतंय बाळ?"

"मी कोणाची आई नाही. हा गुरगुरतोय."

डॉक्टरांनी झोळी हातात घेतली, उलटी केली आणि त्यांची सगळी शेपटं गळून पडली. "ही शिवण कोणी मारली?"

"मी."

"दुहेरी?"

"उसवू नये म्हणून."

"उसवणार नाहीच! ती नेमकी टाक्यांवर घासतेय, बाई! हे बघा, कसं लाल झालंय. अजून दोन दिवस घातली असती तर हे टाके उसवले असते!"

टाचणीबाईंच्या शिवणीला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. बोलायला तोंडात टाचणीही नव्हती.

"साधा टॉवेल घ्या," डॉक्टर जरा मऊ झाले. "पोटाखालून. जखमेपासून लांब. सावरायचं, उचलायचं नाही. आणि रोज थोडी ढील. पंजांमधले केस कापा, पकड येते. खायला बेतानं, वजन वाढलं तर तीन पायांचे हाल. आणि एक सांगतो आई, तुम्ही याला फार हळू चालवताय. हळू चालणं त्याला जड जातं. तीन पायांना थोडा वेग लागतो. तोल वेगात सापडतो."

"पडला तर?"

"तर उठेल."

घरी येऊन त्यांनी झोळी उसवली. सगळी, टाका न टाका. मग दोरे कापायची छोटी कात्री घेऊन मांडीवर एकेक पंजा घेतला आणि बोटांमधले केस कापले. ठिगळनं तीन पंजे दिले आणि मग जिथे काही नव्हतं तिथलं अंग थोडं हललं, चौथा द्यायला. टाचणीबाई त्याला म्हणाल्या, "झालं, झालं," आणि कात्री खाली ठेवली.

टाके निघाले, नरसाळं गेलं. टॉवेल मात्र सुटला नाही. अंगणातल्या मातीवर ठिगळ आपला आपण उड्या मारत जायचा, पॅसेजमध्ये आला की टाचणीबाईंची मूठ आपोआप आवळायची. डॉक्टरांचं सगळं त्यांनी ऐकलं होतं, फक्त ढील दिली नव्हती. दादा आपल्या दारात खुर्ची टाकून बसायचा. "नोंद घेण्यात येते," तो हवेला सांगायचा. "आधार कायम आहे."

"तुझे डोळे कायम आहेत का? मग मिट."

"वन्संना म्हणावं," वहिनी कढईला सांगायच्या, "भांडण अंगणात नेलं तर माझी फरशी तरी वाचेल."

पंधराव्या दिवशी सकाळी पावणेदहाला जावकबाबू इस्त्रीचा शर्ट घालून पॅसेजच्या टोकाला उभे राहिले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात अर्ज. टाचणीबाई ठिगळला घेऊन निघाल्या आणि दाराशीच थबकल्या. फरशी ओली चकचकीत होती.

"हे मुद्दाम!" त्या कडाडल्या. "आजच्याच दिवशी, याच वेळी ओली?"

"फरशी रोज याच वेळी पुसली जाते. नियमित कामकाज आहे."

"तूच सांगितलं असशील वहिनीला!"

"मला कोण सांगणार?" आतून वहिनी, या वेळी भांड्याशिवाय. "मला या घरात सांगतं तरी कोण काही?"

"टॉवेल सोड," दादा म्हणाला. "विनाआधार म्हणजे विनाआधार."

"वाळू दे आधी."

"मुदत दहा वाजेपर्यंत."

"मुदत? मुदत काढतोस? अरे, त्याचा पाय गेला तो कशामुळे? तुझ्या पायामुळे! तुला पेपर हवा होता, गरमागरम! फाटक कोणी उघडं टाकलं? सांग ना, त्याचा जावक क्रमांक काय?"

दादाच्या हातातलं घड्याळ खाली आलं.

"मीच टाकलं," तो म्हणाला. त्याचा टेबलापलीकडचा आवाज कुठेतरी गेला होता आणि जो आला तो लहानपणीचा होता, चिडका, रडवेला. "मीच! मला माहीत नाही का? रोज समोरून तसा जातो, उड्या मारत. रोज पडतो, टक्! मी टीव्ही कितीही मोठा केला तरी ऐकू येतं. मला नाही बघवत. म्हणून म्हणतो, जाऊ दे त्याला. कुठेतरी जाऊ दे."

"अस्सं! म्हणजे तुझ्या डोळ्यांसाठी माझा कुत्रा बाहेर?" टाचणीबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. दया यायला हवी होती, पण आला तो संताप. "तुला दिसू नये म्हणून मी काय काय उचलून ठेवायचं? आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तू ऑफिसात जाऊन बसलास. नाही बघवत! बघायला मी होतेच!"

"आईचं मध्ये आणू नकोस!"

"आणणार!"

"मी तिच्या औषधांची फाइल ठेवली होती!"

"फाइल! ती फाइल पाजत होते का मी तिला?"

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस!" दोघं एकदम ओरडले. इतक्या वर्षांत एकमत झालं ते एवढंच.

"मी कशाला पडू? पण माझ्या फरशीकडे बघा!"

दोघांनी खाली बघितलं. ओल्या फरशीवर, दुकानाच्या दारापासून दादाच्या चपलांजवळून अंगणापर्यंत एक माग गेला होता, दोन पुढचे ठसे आणि मागचा एक, लांब लांब अंतरावर, धावत गेल्याचा. आणि अंगणातून परत येणारा दुसरा, चिखलाचा. टॉवेल टाचणीबाईंच्या पायाशी पडला होता. कधी सुटला, ते त्यांना आठवेना. ठिगळ जाऊन, काम उरकून, परत येऊन दादाच्या दारात, खुर्चीशेजारी, कुशीवर पडला होता.

टाचणीबाई खाली बसल्या. ठशांवर बोट ठेवत गेल्या. कुठे घसरल्याची रेघ नव्हती.

दादानं घसा खाकरला. टेबल परत आणायचा प्रयत्न केला. "निरीक्षण... प्रत्यक्ष निरीक्षण नोंदवता आलेलं नाही. पुन्हा एकदा चालवून दाखवावं लागेल."

"तो काही तुझा शिपाई नाही, हाक मारली की फेरी मारायला."

"नियमानुसार—"

वहिनींनी पुढे येऊन नवऱ्याच्या हातातला अर्ज काढून घेतला, चार घड्या घातल्या, वाकल्या आणि ठिगळचे चिखलाचे पंजे एकेक करून त्यानंच पुसले. एक, दोन, तीन. मग तो गोळा नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. दप्तरी लावा."

जावकबाबू तो ओला गोळा धरून उभे राहिले. टाचणीबाई टॉवेल उचलून दुकानात निघून गेल्या, मागे न बघता, आणि मशीन जोरात सुरू झालं, नुसतंच, खाली कापड नसताना.

आत जायचं तर दादाला ठिगळला ओलांडावं लागणार होतं. पाय उचलला, परत ठेवला. ठिगळचं भादरलेलं अंग, त्यावर उगवलेले आखूड केस, खुब्यापाशी सपाट झालेली गुलाबी रेघ, हे सगळं पंधरा दिवसांत त्यानं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

"सरक," तो म्हणाला.

ठिगळनं एक डोळा उघडला, शेपटी एकदा फरशीवर आपटली आणि तसाच पडून राहिला.